किती पानं? आधी सांगा, कशासाठी?

मागच्या अंकात ग्रंथालयातल्या झेरॉक्सबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर कॉपीराइटलाच देऊन टाकलं. बरं झालं. मी ३१ वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली, त्यातली निम्मी देवघेवीच्या काउंटरवर. तिथे दोन तऱ्हेची माणसं रोज भेटायची. "सगळेच करतात, काही होत नाही" म्हणत अख्खं पुस्तक झेरॉक्सला टाकणारी एक. आणि एका लेखाची प्रत हवी असतानाही खाली मान घालून, हळू आवाजात विचारणारी दुसरी. मला या दुसऱ्या माणसांची फार काळजी वाटते. कायद्याने जे त्यांना दिलेलंच आहे तेच ती मागत असतात, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पत्रं थोडी आखडती घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाला समाजशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमातली प्रकरणं सहा पुस्तकांत विखुरलेली आहेत आणि ग्रंथालयात प्रत्येकाची एकेकच प्रत आहे. त्या प्रकरणांचा संच करून मी मुलांना झेरॉक्ससाठी देते. नवे प्राचार्य म्हणतात, पुस्तकाच्या दहा टक्क्यांहून जास्त पानं काढली तर संस्थेवर खटला होईल. असा नियम खरंच आहे का? — एक प्राध्यापिका

उत्तर : आपल्या कायद्यात असा नियम नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्राचार्यांपुढे उघडून ठेवा. कोणकोणत्या गोष्टींना कॉपीराइटचा भंग म्हणायचं नाही, याची यादीच त्या कलमात दिली आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात काढलेली प्रत त्या यादीत आहे, आणि तिथे पानांचा किंवा टक्क्यांचा आकडा कुठेही लिहिलेला नाही.

मग दहा टक्के आले कुठून? अमेरिकेतून. तिथे १९७६ साली नवा कॉपीराइट कायदा झाला, तेव्हा लेखक, प्रकाशक आणि शिक्षणक्षेत्रातल्या संघटनांनी एकत्र बसून वर्गात वाटायच्या प्रतींसाठी काही सूत्रं ठरवली. गद्य उतारा असेल तर हजार शब्द किंवा पुस्तकाचा दहा टक्के भाग, यांत जे कमी असेल ते, असं त्यात एक सूत्र होतं. 'निदान एवढं तरी बिनधोक चालेल' एवढंच त्यातून सांगायचं होतं. ही सूत्रं कायद्याच्या कलमात कधीच गेली नाहीत. पण आकडा लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तो एका सूचनाफलकावरून दुसऱ्यावर चढत गेला आणि आपल्याकडेही येऊन बसला.

खुद्द अमेरिकेत 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर, ठरवताना कोर्ट चार गोष्टी तपासतं. वापर कशासाठी केला, मूळ कृती कोणत्या प्रकारची आहे, तिचा किती आणि कोणता भाग उचलला, आणि त्यामुळे तिच्या बाजारपेठेला किती धक्का बसतो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतले उतारे संगणकावर उपलब्ध करून दिले, म्हणून तीन प्रकाशकांनी २००८ मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टाने दहा टक्के किंवा एक प्रकरण अशी रेघ मारली. २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने ती पुसली आणि प्रत्येक उतारा स्वतंत्रपणे तपासायला सांगितलं. म्हणजे प्राचार्य जो आकडा सांगतात, तो त्याच्या माहेरीही टिकलेला नाही.

आपल्याकडचा निकाल तुमच्या प्रश्नाला अगदी नेमका लागू पडतो. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि विद्यापीठाच्या आवारातलं झेरॉक्सचं दुकान यांच्यावर दावा लावला. तक्रार अशाच संचांची होती. अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना दिली जात होती. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने दावा फेटाळला. मुलं ग्रंथालयात बसून पानं हाताने उतरवून घेत होती तेव्हा तो गुन्हा नव्हता, मग तेच काम यंत्राने केलं म्हणून गुन्हा कसा होईल, हा त्या निकालातला विचार मला मनापासून पटतो. अशी उतरवून घेतलेली वह्यांच्या वह्या भरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोटांना पडलेले घट्टेही पाहिले आहेत.

९ डिसेंबर २०१६ ला द्विसदस्यीय पीठाने आणखी स्पष्ट केलं. 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे तासाची घंटा होते तेव्हापासून दुसरी घंटा होईपर्यंत एवढंच नव्हे. तासाच्या आधीचं वाचन, नंतरचा अभ्यास, सगळं त्यात येतं. आणि कसोटी पानांच्या संख्येची नाही, ती गरजेची आहे. शिकवण्यासाठी तो मजकूर लागत होता का? लागत होता तर प्रत काढणं रास्त. संचातला मजकूर खरोखर गरजेचा होता का, हे पुराव्यानिशी तपासायला पीठाने खटला परत पाठवला होता, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आता दुसरी बाजू, कारण या निकालाने रान मोकळं केलं असा अर्थ काही जणांनी लावला आणि तो चुकीचा आहे. एकदा एक प्राध्यापक ३४० पानांचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. चाळीस मुलांसाठी चाळीस प्रती काढायच्या होत्या. अभ्यासक्रमात त्यातली दोनच प्रकरणं नेमलेली होती आणि पुस्तक बाजारात सहज मिळत होतं. मी नाही म्हटलं. ते रागावले. मी त्यांच्यासमोरच मागणीपत्र भरलं, पाच जादा प्रती मागवल्या, आणि त्या येईपर्यंत दोन प्रकरणांच्या प्रती काढून दिल्या. शिकवणं कुठे अडलं नाही, आणि त्या लेखकाचं एक पुस्तक खपायचं ते पाच जास्त खपलं.

तुमच्या संचाबाबत मी चार गोष्टी सांभाळायला सांगेन. अभ्यासक्रमात नेमलंय तेवढंच घ्या. त्या वर्षीच्या वर्गालाच द्या. संस्थेने त्यावर नफा घेऊ नये. आणि प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल ठळक लिहा. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. सुटी पानं हातात आली की मुलांना ती 'मॅडमच्या नोट्स' वाटायला लागतात, आणि ज्याने दहा वर्षं घालून ते प्रकरण लिहिलं त्याचं नाव त्यांना परीक्षेतसुद्धा आठवत नाही.

प्रश्न : संदर्भ विभागातल्या ग्रंथाची पानं मी मोबाइलवर टिपत होतो. ग्रंथपालांनी मोबाइल काढून घेतला आणि सगळ्यांदेखत बोलले. मी गुन्हा केला का? — एम.ए.चा विद्यार्थी

उत्तर : नाही बाळा, गुन्हा नाही केलास. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी केलेल्या रास्त वापराला कलम ५२ मध्ये जागा आहे. ग्रंथालयाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पाळावा लागतो. पण नियम समजावून सांगायचा असतो. तुझ्या ग्रंथपालांना माझं एक सांगणं कळव, हवं तर हे पानच दाखव. जुन्या संदर्भग्रंथाला मोबाइलइतका सौम्य कॅमेरा दुसरा नाही. झेरॉक्सच्या काचेवर पुस्तक पालथं घालून वरून दाबलं की बांधणीच्या खोबणीतून 'कट्' असा आवाज येतो. मी तो ओळखते. दोरा सुटलेला असतो, आणि मग महिनाभरात तिथलीच सोळा पानं गठ्ठ्याने हातात येतात. पुस्तक शंभर-सव्वाशे अंशांत उघडून, खाली उशी किंवा दुमडलेलं कापड ठेवून वरून फोटो घेतला तर त्याला काहीच होत नाही.

मात्र दोन गोष्टी विचार. तू किती पानं टिपत होतास? एखादं प्रकरण, काही तक्ते, एक नकाशा, हे सगळं रास्त. पण विकत मिळणारा सबंध ग्रंथ पानन् पान टिपून घेतलास, तर 'रास्त' हा शब्द कुणाला पटवून देणं कठीण आहे. आणि दुसरं, फोटो पुढे कुठे गेले? तुझ्या मोबाइलमध्ये आहेत तोवर तो तुझा अभ्यास. त्याची पीडीएफ करून दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलीस, तर ते वितरण झालं. बोट एकदाच दाबलं जातं, पण कायद्याच्या नजरेत या दोन कृती अगदी वेगळ्या आहेत.

प्रश्न : आमचं सार्वजनिक वाचनालय जुनं आहे. मासिकांचे बांधीव खंड आणि कुठेच मिळत नाहीत अशी पुस्तकं आहेत. हात लावला की कागदाचा चुरा पडतो. स्कॅन करून ठेवायचे आहेत आणि संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले करायचे आहेत. परवानगी कुणाची घ्यायची? — एक ग्रंथपाल

उत्तर : तुमचं पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसले, कारण इथे वेळ महत्त्वाची आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या त्या काळच्या कागदात आम्ल असतं, ते कागदाला आतून खातं. आधी कडा तपकिरी होतात, मग कोपरा दुमडला की तुटतो, मग ओळींची शेवटची अक्षरं जातात. दुरुस्तीला बसल्यावर टेबलावर उरलेल्या चुऱ्यात मी कितीदा अक्षरं शोधली आहेत.

तुमचे दोन बेत आहेत, आणि कायदा त्यांना दोन वेगळी उत्तरं देतो.

स्कॅन करून जतन करायला कुणाचीही परवानगी नको. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवून ठेवायला कलम ५२ परवानगी देतं. शिवाय जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही, त्याच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती ग्रंथपालांच्या देखरेखीखाली काढता येतात. तेव्हा स्कॅनिंग उद्यापासून सुरू करा. पुस्तक विक्रीला नाही याची खातरजमा कशी केली, कुणाला विचारलं, कोणत्या तारखेला, हे दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाच्या शेऱ्यात लिहून ठेवा. पुढे कुणी विचारलंच, तर हा शेरा तुमच्या बाजूने बोलेल.

संकेतस्थळावर खुलं करणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी कॉपीराइटची मुदत संपलेली असावी लागते, नाहीतर हक्कदाराची संमती. मुदत लेखकाच्या हयातीत चालू असते आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूच्या दिवसापासून मोजत नाहीत, त्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१० च्या अखेरपर्यंत कॉपीराइटखाली होतं आणि २०११ च्या पहिल्या दिवशी सर्वांचं झालं.

पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं साहित्य १९९१ अखेर खुलं होणार होतं. ते होऊ नये म्हणूनच मुदत १० वर्षांनी वाढवली गेली, १९९२ ची दुरुस्ती ती. एका लेखकासाठी उचललेलं पाऊल, पण त्यासोबत तुमच्या कपाटातले कितीतरी विसरलेले लेखकही आणखी दहा वर्षं बंदिस्त झाले. त्यांचं कुणी पुस्तक छापत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला छापताही येत नव्हतं. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

तीन ठिकाणी घसरायला होतं, तेवढं सांभाळा. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. लेखक अज्ञात असेल, नुसतं टोपणनाव असेल आणि खरं नाव उघड झालेलं नसेल, तरी तसंच. आणि तिसरं म्हणजे, संतवाङ्मय किंवा जुना ग्रंथ कुणाचाही नसला तरी हातातल्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा, शब्दार्थ, अनुवाद हे त्या संपादकाचे असतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या निःशंक टाका, पण खालचा अर्थ ज्याने १९८० मध्ये लिहिला त्याचा हक्क जिवंत आहे.

मासिकाचा एकेक खंड म्हणजे पन्नास लेखकांचा मामला, म्हणून तो सबंध खुला करता येईलच असं नाही. अनुक्रमणिका मात्र आजच टाका. कोणत्या अंकात कुणाचा कोणता लेख आहे, ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. संशोधकाला ९० टक्के वेळा तेवढंच हवं असतं, मग तो तुमच्या वाचनालयात येऊन बसतो. आणि लेखकांच्या वारसांना साधं पत्र लिहा. मी लिहिलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना आनंदाने होकार आला. 'आमच्या आजोबांचं कुणी अजून वाचतंय का?' असं एका नातीने विचारलं होतं.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाने ई-पुस्तकांचा संच घेतला होता. यंदा वर्गणी भरायला उशीर झाला तर सगळी पुस्तकं गायब. पैसे दिलेली पुस्तकं अशी कशी जातात? — सहायक ग्रंथपाल

उत्तर : कारण ती विकत घेतलीच नव्हती, वापरण्याचा परवाना घेतला होता. छापील प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. ती तुम्ही हजार वेळा घरी देऊ शकता, शिवून पुन्हा देऊ शकता. ग्रंथालय नावाची संस्था या एका तत्त्वावर उभी आहे. ई-पुस्तकाला प्रकाशक ते तत्त्व लागू होऊ देत नाहीत. तिथे चालतो तो करार. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं, की ई-पुस्तक २६ वेळा घरी गेलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. माझ्या काउंटरवरून शंभर-शंभर वेळा गेलेली पुस्तकं मी बांधणीला पाठवली आहेत, तेव्हा २६ हा आकडा वाचून मला फार लागलं होतं.

यातून वाट काढायचा एक मोठा प्रयत्न इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन ग्रंथालयाने केला. जितक्या छापील प्रती स्वतःकडे, तितक्याच स्कॅन केलेल्या प्रती एका वेळी वाचायला द्यायच्या. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी ती मर्यादाही काही काळ उठवली आणि चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले. २०२३ मध्ये आणि मग अपिलात सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला. सबंध पुस्तक तसंच्या तसं वाचायला देणं फेअर यूज नाही, असं कोर्ट म्हणालं. गूगलच्या खटल्यात २०१५ मध्ये याच अपील कोर्टाने लाखो पुस्तकं स्कॅन करणं मान्य केलं होतं, पण तिथे शोधणाऱ्याला दोन-चार ओळींचा तुकडाच दिसत होता. फरक तिथे आहे.

तुम्ही करार पुन्हा वाचा, तोही पैशांचं पान सोडून. वर्गणी थांबली तरी आधी घेतलेल्या वर्षांचं वाचता येणार का? पानं छापता येणार का? दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवता येणार का? ही तीन वाक्यं नसतील तर सही करू नका, असं प्राचार्यांना लेखी द्या. विक्रेते सुरुवातीला नाही म्हणतात. दोनदा विचारल्यावर बरेचदा हो म्हणतात.

प्रश्न : माझी मुलगी पूर्ण अंध आहे, बारावीला आहे. पुस्तकं स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेते. शाळेतल्या एका शिक्षकांनी हे बेकायदा आहे असं सांगितल्यापासून ती घाबरली आहे. — एक आई

उत्तर : ताई, तिला आज रात्रीच सांगा की हे पूर्णपणे कायदेशीर आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये हे स्पष्ट घातलं आहे. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात कोणतीही कृती उतरवून घेता येते, आणि अभ्यासासाठी अशाच दुसऱ्या व्यक्तीला देताही येते. एखादी संस्था हे काम करत असेल तर तिने नफा घेऊ नये आणि प्रती इतरत्र जाऊ देऊ नयेत, एवढीच अट. सबंध पुस्तक केलं तरी चालतं. २०१३ मध्ये मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, जून २०१४ मध्ये. आपल्या देशाच्या या गोष्टीचा मला अभिमान आहे.

एक कामाची गोष्ट. नुसता स्कॅन म्हणजे पानाचं चित्र, संगणक ते वाचू शकत नाही. त्यातून अक्षरं ओळखून घ्यावी लागतात आणि मराठीत जोडाक्षरं, रफार, अनुस्वार यांत चुका राहतात. 'अर्थ' चा 'अथ' झाला की वाक्य कोसळतं. म्हणून कुणी डोळस मैत्रिणीने एकदा वाचून दुरुस्त केलं तर पुढच्या मुलांनाही तीच प्रत उपयोगी पडेल. आणि मूळ पुस्तकाचे पृष्ठांक मजकुरात ठेवा. वर्गात 'पान ५४ काढा' म्हटल्यावर तिलाही ५४ वर जाता आलं पाहिजे.

प्रश्न : खाली 'साभार' लिहिलं की कुणाचंही काहीही वापरता येतं ना? शाळेच्या अंकात आम्ही तसंच करतो. — एक शिक्षक

उत्तर : नाही. 'साभार' लिहिल्याने उचलेगिरीचा आरोप टळतो, परवानगी मिळत नाही. समीक्षेसाठी चार ओळी उद्धृत केल्या, तर नावासकट चालतं. प्रश्नपत्रिकेत कविता दिली, मुलांनी उत्तरात ती लिहिली, तर तेही कायद्याने मोकळं. स्नेहसंमेलनात मुलांनी, शिक्षकांनी पालकांसमोर नाटक केलं तर चालतं, पण तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की परवानगी हवी. छापील अंकात सबंध कविता घ्यायची असेल तर कवीला एक फोन करा. शाळेच्या अंकाला नाही म्हणणारा कवी मला तरी आजवर भेटलेला नाही.

प्रश्न : तुम्ही ग्रंथपाल मंडळी झेरॉक्सची बाजू घेता. माझ्या पाठ्यपुस्तकाला सहा वर्षं लागली. आज त्याची पीडीएफ प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आहे आणि प्रकाशक म्हणतो दुसरी आवृत्ती काढणं परवडत नाही. माझं काय? — एक लेखक

उत्तर : सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं जे झालं ते चूक आहे, आणि वर लिहिलेल्या एकाही वाक्याने ते बरोबर ठरत नाही. सबंध पुस्तकाची पीडीएफ फिरवणं याला शिकवण्याचा ओघ म्हणत नाहीत. कलम ६३ खाली तो दंडनीय गुन्हा आहे, किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा.

पण मुलांवर फिर्याद करा असं मी सांगणार नाही, आणि तुम्हालाही ते नको असणार. आधी पीडीएफचं पहिलं पान बघा. ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखलांक, म्हणजे त्या प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक, त्यावर बहुतेक वेळा आलेला असतो. तसं असेल तर त्या ग्रंथपालांना पत्र पाठवा. मला एकदा असं पत्र आलं होतं. दाखलांक आमचा होता. स्कॅन आमच्याच ग्रंथालयातून बाहेर गेला होता आणि माझं लक्ष नव्हतं. मी त्या लेखकांना फोन करून माफी मागितली, फाइल जिथे चढवली होती तिथून काढायला लावली, आणि आठ प्रती विकत घेण्याचा प्रस्ताव ग्रंथालय समितीपुढे ठेवला. समितीने पाच मंजूर केल्या.

ज्या संकेतस्थळावर फाइल आहे, तिथे तक्रारीची सोय असते. प्रकाशकाने लेखी तक्रार केली की त्यांना ती काढावी लागते. ते प्रकाशकाचं काम आहे, त्यांच्याकडून करून घ्या. आणि तुमच्या करारात ई-आवृत्तीचे हक्क कुणाकडे आहेत ते बघा. जुन्या करारांत त्याचा उल्लेखच नसतो. हक्क तुमच्याकडे असतील तर स्वस्त ई-आवृत्ती तुम्हालाच काढता येईल, आणि एक-दोन प्रकरणं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरवून दिलेल्या अटींवर कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली, तुमच्या नावानिशी खुली ठेवता येतील. मुलं चोरीची पीडीएफ शोधतात त्याचं एक मोठं कारण मी काउंटरवरून पाहिलं आहे. ४० मुलं आणि ग्रंथालयात पुस्तक एक. रांगेतल्या एकोणचाळीस जणांना मीच 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून परत पाठवलेलं असतं.

तुमच्या पुस्तकाचं नाव पत्रात नाही. ते, आणि प्रकाशकाकडे किती प्रती शिल्लक आहेत तेवढं कळवा. माझ्या ओळखीच्या ग्रंथपालांना मी या महिन्यात मागणीपत्र भरायला सांगते.